एक्कावन्नाव्या पानावरची कैरी

मंगळवारी दुपारी पावणेचारला माझी पत्नी गेली. त्या वेळी आम्ही कादंबरीच्या दोनशे बाराव्या पानावर होतो.

दवाखान्यात तिला पुस्तक हातात धरवत नव्हतं. घरी तिचं निम्म्याहून जास्त वाचून झालं होतं, तिथून पुढे मी वाचून दाखवत होतो. पुस्तक तिच्या आवडीचं, माझ्या नाही. घोड्यांच्या व्यापाऱ्याची धीट मुलगी आणि जमिनीची मोजणी करून नकाशे काढणारा एक भित्रा तरुण, यांची ती गोष्ट. दोघांना मिळून डोंगर ओलांडायचा असतो. वाटेत चोर येतात, पूर येतो, एक वाघही येतो, आणि हे दोघं सगळा वेळ भांडत असतात.

"हा अगदी तुमच्यासारखा आहे," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

मला राग आला, पण बोलायला जागा नव्हती. ओझरच्या विमान कारखान्याच्या ऑफिसात मी बत्तीस वर्षं कागद सांभाळले आणि एकदाही विमानात बसलो नाही. "यांचा जन्म विमानांत गेला," ती पाहुण्यांना सांगायची, "आणि गच्चीच्या कठड्यावरचा टॉवेल आणा म्हटलं तर यांना चक्कर येते!" ती मनमाडची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. उभी गाडी दिसली की तिला वाटायचं, चढावं. मला वाटायचं, ही नक्की आपलीच ना? आमचं लग्न जुळवणाऱ्यांनी पत्रिका नीट पाहिल्या होत्या, माणसं पाहायची राहून गेली होती.

असल्या कादंबऱ्यांवरून आमचा वाद जुना. मी निबंध आणि इतिहास वाचणारा.

"अगं, दहाव्या पानावर कळतं की यांचं जमणार. मग पुढची तीनशे पानं कशाला?"

"गाडी नाशिकला जाणार हे तिकिटावर लिहिलेलं असतं. म्हणून काय खिडकीतून बघायचंच नाही?"

यावर मी चष्मा पुसत बसायचो.

त्या मंगळवारी गोष्टीत दरी आली. दरीवर दोरखंडाचा पूल. मुलगी पलीकडे पोचलेली, आणि हा अलीकडे खांबाला धरून उभा. मी वाचता वाचता थांबलो.

"पावसाळ्यात हा दोर टिकेल कसा? कुजणार नाही?"

"अहो, दोराचं मी बघते. तुम्ही वाचा."

"आणि हा मागे का फिरत नाही? मागे चांगला रस्ता आहे की."

"मागे ती नाही ना," ती म्हणाली. मग डोळे मिटून म्हणाली, "वाचा हो. जातो की नाही ते कळू दे मला."

मी आणखी दोन शंका काढल्या. तेवढ्यात तिला झोप लागली. मी पानात बसचं तिकीट घातलं आणि पुस्तक मिटलं. त्या झोपेतून ती उठली नाही.

नंतरच्या दिवसांत लोक भेटायला आले, धीर देऊन गेले. मला आत काय टोचतंय ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिने एवढंच विचारलं होतं, तो पूल ओलांडतो की नाही. आणि मी दोराच्या टिकाऊपणावर बोलत बसलो होतो. बोललो नसतो तर तेवढं पान नक्की झालं असतं.

मी एकटा पुढे वाचू शकत होतो, पण घरात आमचा नियम होता. दुसऱ्याने पानात घातलेल्या खुणेच्या पुढे जायचं नाही. भाजीवाल्याचे, फोनवाल्याचे नियम ती खुशाल मोडायची, हा मात्र आम्ही दोघांनी पाळला होता. चार महिने पुस्तक तिच्या उशाशी तसंच राहिलं. शेवटी एका सकाळी ते पिशवीत घालून मी वाचनालयात परत करायला गेलो.

वाचनालय चालवणाऱ्या बाईंनी पुस्तक हातात घेतलं. "काका, वाचलंत?"

"नाही. तिचंही अर्धवटच राहिलं."

"काकूंचं? अर्धवट?" बाई हसल्या. त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मग हळूच म्हणाल्या, "काका, एक्कावन्न पान उघडा बरं."

आमच्याकडच्या नेहमीच्या वाचकांची एक रीत आहे. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी नेऊ नये म्हणून प्रत्येक जण एका ठराविक पानावर पेन्सिलीने आपली खूण करतो. कोणाची फुली, कोणाची चांदणी. हिची कैरी, एक्कावन्नाव्या पानावर. हे मला माहीत होतं. पण त्या पानावर एका रांगेत पाच कैऱ्या होत्या. पहिली पुसट झालेली, शेवटचीला पानसुद्धा काढलेलं.

पाचवी या वेळची, घरी वाचताना काढलेली. म्हणजे आधी चार वेळा ती शेवटपर्यंत जाऊन आली होती.

"दर दिवाळीनंतर न्यायच्या," बाई म्हणाल्या. "मी म्हणायचे, काकू, नवीन आलंय ते न्या. तर म्हणायच्या, थांब गं, त्या बावळटाला एकदा पुलावरून पलीकडे नेते, मग नवीन नेते."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या. तुम्ही हसाल म्हणून."

मी हसलो असतोच. तिथे काउंटरसमोर हसलोही, जरा मोठ्यानेच. पेपर वाचणाऱ्या दोघांनी वर पाहिलं.

"जातो की नाही ते कळू दे मला." तिला सगळं माहीत होतं. माझ्या शंका, दोर, मागचा रस्ता, हे सगळं ऐकून घेत ती मला पलीकडे ओढत होती, हे मला चार महिने कळलं नव्हतं. आता नियमाचीही अडचण उरली नव्हती, कारण तिची खूण शेवटच्या पानाच्याही पलीकडे होती.

मी तिथल्याच बाकावर बसून पुढे वाचलं. तो पूल ओलांडतो. पोटावर सरपटत, डोळे घट्ट मिटून आणि संपूर्ण वेळ कुरकुर करत. पलीकडे पोचल्यावर ती मुलगी त्याला म्हणते की इतका उशीर लावलास, घोडीसुद्धा कंटाळली. शेवटच्या पानावरही त्यांचं भांडण चालूच आहे. दोराचं मला अजून पटलेलं नाही.

पुस्तक आता वाचनालयात, खिडकीजवळच्या कपाटात आहे. त्यात एक्कावन्नाव्या पानावर सहा कैऱ्या आहेत. सहावी मी काढली आहे आणि ती वांग्यासारखी दिसते.