मरायला लावलेली वांगी

"मरू द्या, वहिनी. मरायलाच हवीत ती," माझ्या लोळलेल्या वांग्यांमध्ये उकिडवा बसून तो म्हणाला.

आदल्या संध्याकाळी झाडं ताठ उभी होती. सकाळी पानं हिरवीच, पण माना टाकलेल्या. त्याने एक खोड कापलं आणि माझ्याच पाण्याच्या पेल्यात धरलं. कापल्या जागेतून पांढरा धागा पाण्यात उतरला. "बघा, जिवाणू," तो म्हणाला, आणि खूश झाला.

हिंदी मुलखातल्या तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरांत तो आमचा शेजारी. आमच्यासारखाच विदर्भातला. नोकरी भाजीपाला संशोधनाची. उभं झाड असं लोळवणाऱ्या मर रोगात टिकतील अशी वांगी-टमाटर तयार करायचा.

कामापलीकडे काही न दिसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हा लग्नाच्या पंगतीत भरल्या वांग्याचं देठ चष्म्याजवळ धरायचा. बायको म्हणायची, "अहो, ते शिजलंय." याआधीही माझा पेला खोड बुडवायला घेतला म्हणून मी ओरडले की म्हणायचा, "धुतलं की झालं, वहिनी. माणसाला लागत नाही हा रोग." पुढे मी त्याला चहा त्याच पेल्यात देऊ लागले. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

माझं वांगं माहेरचं, आईने दिलेल्या बियांचं. दरवर्षी एक फळ झाडावरच पिवळं होऊ द्यायचं आणि त्याचं बी राखेत घोळून ठेवायचं. बाहेर कुणाला दिलं नव्हतं. माझे यजमान साकेत नगरच्या दवाखान्यात होते तेव्हा रोज डबा घेऊन हाच जायचा. म्हणून याला दिलं.

"चव छान आहे, पण मर लवकर लागते," तो म्हणाला. "मी यात ताकद घालतो. तुमचं वांगं मरू देणार नाही."

काही वर्षांनी त्याने माझ्या वांग्याशी संकर करून केलेली आपली रोपं आणली. त्यांच्या संशोधन केंद्राच्या शेतातल्या तपासणीच्या जागेवर इमारत होणार होती, म्हणून माझं परसू मागितलं. "मधेमधे तुमचीही लावा. सगळं बी लावा, जुनं उगवत नाही." मी सगळं लावलं. त्याच्या माळ्याने खताच्या गोण्या ओतल्या.

झाडं लोळली त्या सकाळी तो गेल्यावर माळी आला. झाडं बघून म्हणाला, "अम्मा, वो खाद नहीं थी. बीमार खेत की मिट्टी थी. साहब ने बताया नहीं?"

मी त्याच्या दारात गेले. त्याने मान खाली घातली नाही.

"शेजारी मरणारं झाड नसेल तर माझं ताकदीने जगलं की नशिबाने, हे कळणार कसं? तुमचं हमखास मरतं."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर लावू दिलं असतं?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला, "माझ्या झाडांत अर्धं तुमचंच आहे, वहिनी."

"माझं होतं ते परसात लोळतंय."

पुढे तो निवृत्त झाला आणि मुलीकडे पुण्याला गेला. निघताना दारातून "वहिनी" म्हणून हाक मारली. मी घरातच होते. ओ दिली नाही.

त्याच्या झाडांची वांगी माझ्या सुनेने शिजवली. चांगली झाली, म्हणे. मी खाल्ली नाहीत.

त्या वाफ्यात त्याची झाडं जगली. माझं एकही नाही.