तोबऱ्यातली धूळ

साखरखेर्ड्यात सईदभाई नालबंदांच्या शब्दाला चाळीस वर्षे वजन होते. जत्रेतल्या शर्यतीआधी पंचक्रोशीतले घोडेवाले त्यांच्याकडून नवे नाल ठोकून घेत, आणि दौडून आलेल्या जनावराच्या नाकातून रक्त आले तर उपायही त्यांनाच विचारत. उत्तर ठरलेले असे. अंगात गरमी झाली. घोडा कोंदट गोठ्यात बांधा, कडुनिंबाची धुरी द्या आणि सोयाबीनचे कुटार, मळणीतला भुसा, तोबऱ्याच्या पिशवीत भरून तोंडालाच अडकवा, म्हणजे एक काडीही सांडायची नाही.

घोडेवाल्या गोकुळने आपल्या पाखरी या घोडीवर हे सारे इमानाने केले. महिनाभर सरावानंतर घोडीला रक्त येत राहिले, वर खोकलाही लागला. शर्यत चार दिवसांवर आली तेव्हा त्याने गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सारिका यांना बोलावले. सईदभाई तिथेच होते; सकाळीच त्यांनी पाखरीला नवे नाल ठोकले होते.

सारिका गावातल्याच बौद्ध कुटुंबातली, सईदभाईंच्या डोळ्यांदेखत वाढलेली. तिने घोडीची छाती तपासली, मग तोबरा सोडून उन्हात झटकला. धुळीचा लोट उठला. रक्त नाकाचे नसून फुप्फुसाचे आहे, असे तिने सांगितले. जिवाच्या आकांताने पळताना फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो आणि त्या फुटतात. धुळीनेच रक्त येते असे ती म्हणणार नव्हती, तेवढे शास्त्रालाही अजून पक्के ठाऊक नाही. पण धूळ, बुरशी आणि धूर यांनी श्वासनलिका सुजतात हे नक्की, आणि अशा छातीने पाखरी पळाली तर जिवावर बेतेल.

गोकुळ तिच्याकडे न बघता म्हणाला, "चाचा, तुमी सांगा. गरमीच हाय ना?"

सईदभाईंनी होकार दिला असता तर घोडी शर्यतीत पळाली असती. त्यांनी तोबरा उचलला, स्वतःच्या तोंडाला लावला आणि खोल श्वास घेतला. खोकल्याची उबळ थांबायला वेळ लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "चूक माही हाय, गोकुळ. चाळीस वर्सं मी हेच सांगत आलो, अन् हा तोबरा एकदाही हुंगून पाह्यला नाही."

"म्हंजे चाळीस वर्सांची अक्कल या पोरीनं घडीत हिसकून घेतली म्हना."

"हिसकून नाही बे. दुरुस्त केली."

त्यांनी पक्कड मागवली, पाखरीचा पाय मांडीवर घेतला आणि सकाळी ठोकलेले चारही नाल स्वतःच्या हाताने काढले. बिननालाची घोडी शर्यतीत उतरणार नव्हती. गोकुळने आधी लगाम आवळून धरला होता. दुसरा नाल निघाला तेव्हा त्याने लगाम सैल सोडला.

आपली चूक कबूल करायला सईदभाईंना कोणी भाग पाडले नव्हते. तरीही शर्यतीच्या सकाळी ते मैदानावर गेले आणि नाल मारून घ्यायला आलेल्या प्रत्येक मालकाला त्यांनी आपला जुना सल्ला चुकीचा असल्याचे सांगितले. काही हसले. दोघांनी डॉक्टरांचा नंबर घेतला. विचारणाऱ्यांना ते ताठ मानेने म्हणत, "खुराचं मले इचारा. छातीचं सारिकाबाईले."

गोकुळ मैदानावर आलाच नाही. गोठ्याबाहेर, मोकळ्या हवेत बांधलेल्या पाखरीसमोर तो भिजवलेले कुटार टाकत होता.