चढणाऱ्या आईचं माप

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला त्याचे फक्त पाय दिसले.

कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला ती शिंप्याच्या दुकानात गेली होती. दुकान उघडं, मशीनच्या सुईखाली कापड तसंच, आणि आत चिटपाखरूही नाही. शेजारच्या अंगणात एक जुनी जीप विटांवर उभी होती. चाकं काढलेली, रंग उडालेला, एका दिव्याच्या जागी नुसतं भोक. तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत बूट नव्हते, मोजे होते. आणि उजव्या मोज्याच्या टाचेला इतकं सुबक रफू केलेलं होतं की ती वाकून बघतच राहिली.

"कोट आणलाय," शेवटी ती पायांना म्हणाली.

"काय झालंय त्याला?" पायांनी विचारलं.

"बाह्या लांब आहेत."

"बाह्या लांब नसतात हो, खांदे उतरलेले असतात. थांबा, आलोच."

तो आला. हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, पुसले, वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतले आणि मगच कोटाला हात लावला. बाह्यांना त्याने शिवलंही नाही. खांदे उचलून दिले आणि कोट तिच्या अंगावर असा बसला की पुढच्या महिन्यात ती एका धडधाकट झग्याची शिवण स्वतःच उसवून पुन्हा दुकानात हजर झाली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिने हे कबूल केलं, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "माहीत होतं. शिवण उसवली नव्हती, कातरली होती."

लग्न होऊन ती घरात आली तेव्हा जीप अजून विटांवरच होती. सासूबाईंनी सुनेला घर दाखवलं, स्वयंपाकघर दाखवलं, मागचं दार उघडून अंगण दाखवलं आणि म्हणाल्या, "आणि ही तुझी थोरली जाऊ म्हण, सवत म्हण, काय वाटेल ते म्हण. तुझ्याआधी आलीय. उलटून बोलत नाही एवढाच तिचा गुण."

तेव्हापासून जीपचं नाव घरात थोरली पडलं.

थोरली भंगारातून आली होती, पण हौसेपायी नव्हे. सासूबाईंची मोठी बहीण डोंगरावरच्या वस्तीत राहायची. एका पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल वाहून गेला, वरचा रस्ता दरडीखाली गेला आणि बस बंद झाली ती झालीच. तरणीताठी माणसं पायवाटेने खालीवर करत. सामान ट्रॅक्टरवरून जाई. कुणीतरी सासूबाईंना ट्रॅक्टरनेच जायला सुचवलं, तर त्या म्हणाल्या, "बटाट्याच्या पोत्यांत बसून बहिणीकडे? ती मला वजनकाट्यावर घेईल." गुडघे तेव्हाच कुरकुरू लागले होते, त्यामुळे पायवाट बाद. दोघी बहिणी फोनवर बोलत, पण वस्तीत फोन नीट लागायचा नाही आणि अर्धा वेळ "ऐकू येतंय का?" यातच जायचा. त्याने तो "ऐकू येतंय का?" दुकानात बसून रोज ऐकला आणि एक दिवस आईला सांगून टाकलं, "तुला मावशीच्या दारात नेऊन उतरवतो. ओढ्यातून, दरडीवरून, थेट दारात."

बोलून बसला, मग करणं आलं.

शेजारी वेल्डरचं दुकान होतं. त्याला सगळे ठिणगी म्हणत. ठिणगीने त्याला लोखंड जोडायला शिकवलं, पण शिंप्याने ते आपल्याच पद्धतीने उचललं. गंजलेला पत्रा कापण्याआधी तो जुन्या वर्तमानपत्राचा नमुना बेतून कापायचा, तो जागेवर चिकटपट्टीने लावून बघायचा, खडूने खुणा करायचा आणि मगच पत्र्याला कात्री लावायचा. पक्कं जोडण्याआधी थोडं थोडं जोडून ठेवायचा. ठिणगी अशा जोडाला ठोका म्हणायचा, हा कच्चा टाका म्हणायचा.

"मास्टर, दरवाजा आहे हा. झबलं नाही," ठिणगी ओरडायचा.

"अंगावर बसल्याशिवाय पक्का टाका घालायचा नाही," शिंपी सांगायचा. "ट्रायल म्हणजे ट्रायल."

असं करत करत वर्षं गेली. दिवसभर दुकान, संध्याकाळी अंगण. एक वर्ष नुसतं गिअरबॉक्समध्ये गेलं. चारही चाकांना जोर पोचवणारा दांडा सापडायला आणखी एक उन्हाळा लागला. सून औषधांच्या दुकानात काम करायची. ती सासूबाईंसाठी गुडघ्याचं मलम आणायची आणि त्याच पिशवीतून नवऱ्यासाठी भाजल्यावर लावायचं. दोन्ही नळ्या एकाच फळीवर असत, आणि कधी कधी अदलाबदलही होई.

सगळ्यात आधी तयार झालं ते आईचं आसन. जीपमध्ये बसवायलाही जागा नव्हती तेव्हाच. त्याने आईला खुर्चीत बसवून पाठीचं, मांड्यांचं, मानेचं माप घेतलं, कमरेशी हवी तेवढी फुगीर उशी शिवली, ऊन तोंडावर येऊ नये म्हणून छताची कनात कुठवर हवी तेही मोजलं. आसन तयार झालं तेव्हा सासूबाई त्यावर बैठकीच्या खोलीतच बसू लागल्या. "गाडी येईल तेव्हा येईल," त्या म्हणायच्या, "मी निघालेय."

मग थोरली उंच होऊ लागली. ओढ्यातले गोटे खालून लागू नयेत म्हणून चाकांवरच्या स्प्रिंगा, ते कमानीचे पाटे, बदलले, बोटभर वर. चाकं मोठी घातली, आणखी वर. ती वळताना मडगार्डला घासू लागली म्हणून सांगाडा आणि वरची बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घातले. इंजिनाची हवा घेणारी नळी छपरापर्यंत नेली, तेव्हा थोरली बाई नाकात नळी घातलेल्या पेशंटसारखी दिसू लागली. प्रत्येक वेळी तो बायकोला बोलवायचा, "चढून बघ जरा." ती पदर खोचून चढायची, बसायची, उडी मारून उतरायची. तिला तर मजा वाटायची. तिशीतल्या पायांना बोटभर उंची कळत नाही.

त्याच सुमाराला वरून फोन आला. नशिबाने आवाज स्वच्छ होता. मावशी म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. समोरचं माणूस सावलीसारखं दिसतं. खाली डॉक्टर म्हणतो ये, पण येऊ कशी? तू तरी लवकर ये गं. तुझं तोंड दिसतंय तोवर ये."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि मागच्या दाराशी जाऊन मुलाला एवढंच म्हणाल्या, "अरे, किती राहिलंय?"

ओढ्याचं पाणी उतरलं तसा त्याने दिवस ठरवला. सासूबाई सकाळीच तयार होऊन बसल्या. केस विंचरलेले, बहिणीसाठी विणलेली शाल पिशवीत. ठिणगी दुकान सोडून आला, समोरच्या खिडक्या उघडल्या. शिंप्याने दार उघडून धरलं, दुकानात नव्या गिऱ्हाइकासाठी धरायचा तसं.

सासूबाईंनी पाय उचलला.

पाय उचलला तो दाराखालच्या पायफळीच्या निम्म्या उंचीपर्यंतही पोचला नाही. त्यांनी खाली ठेवला, दुसरा उचलला. तोही तेवढाच. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग मुलाकडे. सुनेने पळत जाऊन स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. सासूबाई त्यावर चढल्या, पण पुढच्या पावलाला धरायला काही नव्हतं, गुडघ्यात कळ आली, स्टूल कलंडलं आणि सुनेने धरलं म्हणून बरं.

"काकू, मी उचलून बसवतो," ठिणगी पुढे झाला.

"हात लावून बघ! मी काय सिलिंडर आहे?"

"आई, तिथेही स्टूल घेऊन जाऊ," शिंपी म्हणाला.

"आणि तिच्या दारात मला दोघांनी धरून उतरवणार? ती आंधळी व्हायच्या आधी हे बघायला नको." सासूबाईंनी पिशवी काखेत मारली. "राहू दे. गाडी छान झालीय. मला नाही यायचं." आणि घरात जाऊन त्यांनी आधी बूट काढले, मग केसांच्या पिना.

तो त्या दिवशी दुकानात गेला नाही. संध्याकाळी सून अंगणात आली तर तो थोरलीखाली, पाय बाहेर. पण हत्याराचा आवाज नाही.

"अहो."

"सगळं काढून टाकतो. होती तशी करतो. मग ओढ्यात अडकली तर अडकली."

ती त्याच्या पायांशी विटेवर बसली. "मीही दर वेळी चढले की. मलाही सुचलं नाही." मग म्हणाली, "तुम्ही आईंचं माप घेतलंत ना आसनासाठी?"

"घेतलं तर. कमरेची उशी बघ की."

"ते बसलेल्या आईंचं. चढणाऱ्या आईंचं कुठे घेतलंत?"

 खालून आवाज आला, "गिऱ्हाइकाला हात वर करायला लावल्याशिवाय मी बगल कापत नाही."

"तेच म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहा पीत असताना तो गळ्यात टेप आणि हातात खडू घेऊन आला आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"आता काय शिवतोयस?"

"आई, भिंतीशी उभी राहा. पाय उचल."

"किती?"

"दुखत नाही तिथवर."

त्या रुसल्या होत्या, तरी उठल्या. भिंतीला उजवा हात टेकवला आणि डावा पाय उचलला. त्याने तळव्याखाली खडूची रेघ मारली. पाय खाली आला तरी तो रेघेकडे पाहत राहिला. रेघ जमिनीपासून जेमतेम वीतभर होती.

"एवढंच?"

"एवढंच. तुला पाठीवर घेऊन जिने चढायचे तेव्हा जास्त होतं," त्या म्हणाल्या. मग त्याचा चेहरा बघून चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "पी. निवलाय, पण पी."

सून दारात उभी होती. तिच्या लक्षात एक गोष्ट आली ती तिने तिथेच सांगितली. आई नेहमी डावाच पाय आधी टाकतात, आणि उजव्या हाताला आधार लागतो. तिने ते रोज जिन्यावर पाहिलं होतं. पण सांगायची गोष्ट आहे असं कधी वाटलं नव्हतं.

त्याने ठोकळे काढले. मोठी चाकं विकली, मधल्या मापाची घातली. ती काढताना ठिणगी हळहळला, "मास्टर, केवढी रुबाबदार दिसत होती!" कमानीचे पाटे तेवढे ठेवले, ओढ्यासाठी. आणि दाराखाली दुमडून आत जाणारा छोटा जिना बसवला. आधी पुठ्ठ्याचा, मग लोखंडाचा, कच्च्या टाक्यांवर. दाराच्या उजव्या बाजूला पकडायला नळी, तिच्यावर जाड कापडाचं आवरण, आतल्या बाजूने शिवण.

या वेळी ट्रायल झाली. सासूबाई आता पुरत्या गिऱ्हाईक झाल्या होत्या.

"वरची पायरी कमी कर."

"दोन्ही सारख्याच आहेत, आई. खडूच्या मापाच्या."

"तुझा खडू चढला नाही, मी चढतेय. वर जाईस्तोवर पाय दमतो. वरची बुटकी हवी."

त्याने टाके तोडले, वरची पायरी बुटकी केली. पुन्हा ट्रायल. नळी जरा खाली. पुन्हा ट्रायल. शेवटी त्या चढल्या, आपल्या आसनात बसल्या, कनातीची सावली तोंडावर आली का पाहिलं आणि म्हणाल्या, "आता टाक पक्का टाका. आणि मला आत्ताच उतरायचं नाहीये, इथेच बसते जरा."

ओढा ओलांडताना पाणी पायफळीला लागलं. दरडीवर थोरली एकदा घसरली, दुसऱ्यांदा धरून चढली. सुनेने डोळे मिटले होते, सासूबाईंनी नाही. वस्तीत शिरताच सगळी पोरं गाडीमागे लागली. मावशी दारात उभी होती, कपाळावर हात धरून, सावल्यांतून कोणती आपली ते शोधत.

शिंप्याने जिना उलगडला आणि बाजूला झाला. सासूबाईंनी नळी धरली, आधी बुटक्या पायरीवर, मग दुसरीवर, मग जमिनीवर. कुणाचा हात लागला नाही.

"ताई," त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय का?"

मावशीने दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा चाचपला, अगदी जवळ येऊन पाहिला आणि म्हणाली, "केवढी म्हातारी झालीस गं!" मग गाडीकडे मान वळवून, "आणि काय रे, एवढी उंच गाडी कशाला घेतलीस?"

परतताना मावशी त्याच जिन्याने गाडीत चढली आणि खाली डॉक्टरकडे आली. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, काही महिन्यांनी दुसऱ्याचं. दोन्ही नीट झाले. त्यानंतर सासूबाई तिला वर सोडायला म्हणून गेल्या आणि तिथेच राहिल्या. आसन मात्र गाडीतून काढून घेतलं, बसायला.

आता बुधवारी शिंप्याचं दुकान बंद असतं. तो पीठ, लोकर आणि मलम घेऊन वर जातो, जेवून परत येतो. त्याच्याही डाव्या गुडघ्यात हल्ली कळ येते, आणि गाडीत चढताना तो त्या बुटक्या पायरीचा जिना उलगडून घेतो.