यादीतलं तिसरं नाव

ती घटना आठवली की मुकुंदवाडीचे ते म्हातारे गृहस्थ आजही माझ्यासमोर बसलेले दिसतात. रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात यायचे, ‘जयभीम साहेब’ म्हणायचे आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळच्या बाकावर बसायचे. पैठणला दिलेली त्यांची एकुलती एक मुलगी सासरहून नाहीशी झाली होती. सासरच्यांनी हात वर केले, म्हणून मिसिंगची तक्रार बापानेच आमच्याकडे दिली.

नवऱ्याला बोलावून चौकशी केली. मारहाण करायचो हे त्याने दुसऱ्या दिवशी कबूल केलं, पण बायको गेली कुठे हे त्याला खरंच माहीत नव्हतं. खबर मिळाली ती शेजारी पैठणी विणणाऱ्या बाईकडून. बायकांच्या आधारगृहात जाते, असं मुलगी एसटीत बसताना तिला सांगून गेली होती.

आधारगृहांच्या नोंदी संगणकावर होत्या, पण एका साच्यातल्या नव्हत्या. कुणी पूर्ण नाव लिहिलेलं, कुणी नुसतं हाक मारायचं. लग्नात मुलीचं नाव बदललेलं. मी हट्टाने माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं जुळणारी नोंद शोधायला लावत होतो. दोन आठवडे हाती काही लागलं नाही. शेवटी संगणकावर बसणाऱ्या हवालदार बाई म्हणाल्या, “साहेब, नावांची यादी देऊ. यादीतलं कुठलंबी एक जुळलं तरी नोंद समोर येईल.” इतकी साधी गोष्ट माझ्या साहेबी डोक्यात शिरायला दोन आठवडे लागले होते.

यादी दिली. काही नोंदी आल्या, पण फोटोतल्या बायका वेगळ्याच. मी म्हाताऱ्यांना विचारलं, घरात तिला आणखी काय म्हणायचे? चौकशीत गुन्हेगार बहुधा भिंतीकडे बघतो. हे स्वतःच्या हातांकडे बघत होते.

“मी एक हाक मारायचो,” ते म्हणाले. “पण मार खाऊन शेवटची आली, तवा मी दार नाय उघडलं. तवापासून ते नाव तोंडातून काढलं नाय.”

मग त्यांनी ते सांगितलं आणि रडले. मी ते इथं लिहीत नाही, ते त्या दोघांचं आहे. यादीत तिसरं नाव घातलं आणि शेजारच्या जिल्ह्यातली एक नोंद उघडली. वय जुळलं, भुवईवरचा व्रण जुळला.

मुलगी सज्ञान. तिच्या संमतीशिवाय पत्ता कुणालाही देता येत नाही, बापालाही नाही. मी जबाब घ्यायला गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. म्हणाली, जिती हाय एवढं सांगा, पत्ता नका देऊ. मी तसं लिहून घेतलं. सही करताना तिने विचारलं, सापडले कशी? मी सांगितलं.

“ते नाव त्यांनी स्वतः घेतलं?”

“हो.”

सही न करताच तिने कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाली, “पत्ता द्या त्यास्नी.”

दुसऱ्या दिवशी म्हातारे आधारगृहाच्या फाटकातूनच हाक मारत आत गेले. मी जीपपाशीच थांबलो.

सगळ्या नोकरीत मी लोकांना नाव विचारलं ते रकाना भरण्यासाठी. माणूस घरदार सोडताना कुठलं नाव बरोबर नेतो, हे त्या मुलीने मला शिकवलं. माझी बायको मला एका नावाने हाक मारायची. ती वारल्याला चार वर्षं झाली. आता घरी, बाजारात, सगळे मला साहेबच म्हणतात.