थरथरणारा हेडसेट

गेम खेळायचा नवा बिनवायरचा हेडसेट थरथरतो म्हणून बिघडला असं समजून मी तो निपाणीत दुरुस्तीला नेला. दुकानातला म्हातारा कारागीर पार बहिरा. मी बोललो की तो ओठांकडं बघायचा. त्यानं हेडसेट कानांवर चढवला, मी मोबाईलवर गेम लावला. लढाईचे नगारे सुरू झाले, हेडसेट त्यांच्या तालावर थरथरू लागला तसा तो डोळे मिटून हसला.

"हलगी वाजतीया सायेब! ऐकू येत न्हाय, पर कानशिलाला कळतंय. किती वर्सांनी!"

त्याची बोटं टेबलावर ताल धरू लागली. एवढ्यात हेडसेटची बॅटरी संपली. बोटं मात्र थोडा वेळ तशीच चालत राहिली. मग त्यानं डोळे उघडले.

"चांगलं हाय ते दुरुस्तीला आणलासा, आन् चार्ज करायचं तेवढं इसरलासा व्हय?"