केझाया कोणाची

मेव्हिस बूलटन कुणाच्याही घरी गेली की आधी बशी उलटून बघायची. कुठल्या कारखान्याची ते कळल्याशिवाय चहाला तोंड लावायची नाही. पेनाने कधी लिहीत नसे. जुन्या कागदांच्या खोलीत पेन चालत नाही म्हणून पेन्सिल धरली, ती पुढे वाणसामानाच्या चिठ्ठीपर्यंत आली. चर्चच्या आवारातून जाताना थडग्यांच्या दगडांवरच्या सालांची वजाबाकी करायची, ओठ हलवत. शनिवारी ओटची धिरडी आणायची, आत चीज घालून, उभ्याउभ्या खायची. मिल स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या घरापाशी तिची पावलं हळू व्हायची. पडदे नवे आहेत का, दारात गाडी कोणाची, एवढं बघून घ्यायची आणि पुन्हा भरभर चालू लागायची. ते घर ग्लेनिसचं. ग्लेनिसचं नाव कुणी काढलं की मांडीवर नसलेला चुरा झटकायची.

ग्लेनिस तिची सख्खी चुलत बहीण. वर्षाने मोठी. ग्लेनिसचा बाप थोरला, मेव्हिसचा धाकटा. दोघे इथेच बर्सलममध्ये चिनीमातीच्या एकाच भट्टीवर कामाला. पण आजोबांचं घड्याळ थोरल्याकडे गेलं. पियानो थोरल्याकडे गेला. ग्लेनिसचा कोट हिवाळा संपला की मेव्हिसकडे यायचा, आणि ग्लेनिसचे बूट, चोचीत कागद कोंबून. शाळेत पोरी विचारायच्या, हा ग्लेनिसचाच ना गं? मेव्हिस म्हणायची, तिला लहान झाला. खरं तर तिला नवा घेतलेला असायचा.

पंधराव्या वर्षी मेव्हिस कारखान्यात लागली. कपाच्या कडेला सोनेरी रेघ ओढायचं काम. ग्लेनिसने बँकेतल्या माणसाशी लग्न केलं, तिला तीन मुलगे झाले. मेव्हिसने लग्न केलं नाही. पुढे कारखाना बंद पडला. घरात ती आणि रेडिओ.

मग तिने मेलेली माणसं शोधायला घेतली.

दर गुरुवारी दुपारी चॅपलच्या मागच्या खोलीत आमच्या गावचे दहा-बारा जण जमतात. आपापले पूर्वज शोधतात. मेव्हिस त्यात मुरली. तिने एकटीने, वाचनालयातल्या मायक्रोफिल्मवर डोळे फोडून, पणजोबा ईनक बूलटन शोधून काढला. ईनक आठव्या वर्षी साचे पळवायचा. कारागीर साच्यावर बशी थापायचा, पोरगं तो साचा उचलून धगधगत्या वाळवणीच्या खोलीत पळायचं आणि रिकामा साचा घेऊन परत. अंधार पडेपर्यंत. ईनकच्या मागे त्याची आई सापडली. केझाया. चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद होती: ईनक, एलायजा आणि केझाया यांचा मुलगा, १८५१.

केझाया म्हणजे मेव्हिसचा जीव. छापील कागद एकदा भाजलेल्या भांड्यावर दाबून नक्षी उठवायचं काम करायची ती. पोर अंगावर असताना छातीच्या रोगाने गेली, वयाच्या चोविसाव्या वर्षी. एलायजाने वर्षभरात दुसरी आणली, हॅना. दहा वर्षांनंतरच्या शिरगणतीत घरात हॅनाच आहे. मेव्हिस दर नाताळात गटाला ही गोष्ट सांगायची. त्यात हॅना कैदाशीण होती. सवतीचं पोर आठव्या वर्षी धगीत पाठवणारी. हॅनाचं नाव आलं की बायका जिभेने च्यक करायच्या, आणि मेव्हिसला बरं वाटायचं.

केझायाला दगड नव्हता. आवाराच्या जुन्या नकाशावरून मेव्हिसने जागा हुडकली. भिंतीलगत, गवतात. तिथे तिने प्रिमरोझची रोपं लावली. "माझ्या केझायाकडे जाऊन येते," असं शेजारणीला सांगून निघायची. मेव्हिसच्या मागे कोणी नव्हतं. पुढे केझाया होती.

ग्लेनिस गटात आली ती नवरा गेल्यावर. मुलाने तिला संगणक घेऊन दिला, वर कुठल्याशा वेबसाइटची वर्गणी भरली. मेव्हिसने ज्यांच्यावर सात हिवाळे घालवले त्या वंशवृक्षाच्या फांद्या ग्लेनिसने एका आठवड्यात पडद्यावर चढवल्या. मेव्हिसचीच माणसं, मेव्हिसच्याच तारखा. ऑस्ट्रेलियातून कुणी कुणी तिला आभार कळवू लागले. गुरुवारी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आपली केझाया."

मेव्हिसने मांडी झटकली.

त्यानंतरचा वसंत. ग्लेनिसने चहाच्या वेळी जाहीर केलं की केझायाच्या जागेवर दगड बसवायचा. पाथरवटाशी बोलणं झालंय. पोरं खर्च करणार.

"मेव्हिस, तुला आनंद झाला ना गं?" कुणीतरी विचारलं.

"झाला ना," मेव्हिस म्हणाली आणि कप विसळायला गेली. कप बराच वेळ विसळला.

त्या उन्हाळ्यात गटाने चर्चच्या दफनाच्या वह्या उतरवायला घेतल्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. मेव्हिसच्या वाट्याला सिरिल आला. सिरिल निवृत्त बस ड्रायव्हर, आवाज अजून बसमधलाच.

"ऑगस्ट १८५२. सॅम्युएल हीथ, चौसष्ट. मेरी टफ्ट, नऊ आठवडे. ईनक बूलटन, चौदा महिने, एलायजा आणि मयत केझाया यांचा मुलगा. जॉर्ज…"

पेन्सिल थांबली.

"काय गं? बूलटन कसं लिहितात विसरलीस होय?"

"मागचं वाच परत."

सिरिलने वाचलं. मग चष्मा कपाळावर चढवला. "तुमच्यातलाच की काय?"

"बूलटनांना काय तोटा आहे या गावात. पुढचं वाच."

तिने जॉर्ज लिहिला. त्याच्या पुढचाही लिहिला. अक्षर हललं नाही.

नवीन कुणी गटात आलं की मेव्हिसच त्याला पहिला धडा द्यायची. बाप्तिस्मा सापडला म्हणून नाचू नका. आधी ते मूल मेलं नाही ना ते बघा. तेव्हा मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे. बापाचं, आज्याचं नाव घरातून जाऊ द्यायचं नाही, अशी रीत. तुम्ही मेलेल्याच्या मागे लागाल आणि जिवंत हातचा निसटेल. दहाएक वर्षं ती हे सांगत होती. स्वतः केलं नव्हतं. केझाया मिळाली होती, आणखी काय बघायचं?

घरी येऊन तिने शिरगणतीचा कागद काढला. ईनक, वय सात. कडेला तिच्याच पेन्सिलीने लिहिलेलं: चूक, दहा हवं. गणती करणाऱ्याने चूक केली नव्हती. तिने जन्माचा दाखला मागवला. मागवायला हवा होता तेव्हा मागवला नव्हता. एलायजा आणि हॅना यांचा मुलगा ईनक, १८५४. हॅना चॅपलची, म्हणजे चर्चपासून फुटलेल्या पंथाची, म्हणून बाप्तिस्मा चॅपलच्या वहीत नोंदलेला, चर्चच्या नाही.

केझायाचं एकच पोर. ते तिच्यामागोमाग गेलं. जगात तिचं कोणीही नव्हतं. मेव्हिसही नाही.

ती रडली असेल. ते कुणाला माहीत नाही. पण पुढच्या गुरुवारी ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, आणि ते दुःख नव्हतं. ग्लेनिस दगडाच्या अक्षरांबद्दल बोलत होती. मेव्हिस मान डोलवत ऐकत होती. कोरू दे. "तिच्या वंशजांकडून" असं कोरू दे. पावसात, उन्हात, शंभर वर्षं चुकीचं उभं राहू दे, ग्लेनिसच्या नावासकट. सगळा जुलै तिने हे तोंडात साखरेसारखं धरलं.

ती चव गेली एका वेगळ्याच विचाराने. दगड खोटा ठरायला कुणाला तरी खरं माहीत पाहिजे. ते फक्त तिला माहीत. ती गेल्यावर दगड खराच होणार. मग केझाया कायमची ग्लेनिसची.

शुक्रवारी ती मिल स्ट्रीटवर गेली आणि पुढचं दार वाजवलं. आमच्याकडे घरची माणसं मागच्या दाराने येतात. पुढचं दार पाद्रीबाबांचं, डॉक्टरांचं, शवपेटीचं.

ग्लेनिसने दार उघडलं. हाताला पीठ. "पुढच्या दाराने? कोण गेलं?"

"दगड थांबव."

"का? अक्षरं आवडली नाहीत?"

"केझाया आपली नाही."

ग्लेनिस बाजूला झाली. स्वयंपाकघरात मेव्हिसने दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तिचा ईनक पाळण्यात गेला. आपला ईनक हॅनाचा.

"पण तूच तर सांगायचीस…"

"मी सांगितलं. तू उतरवून घेतलंस. विचारलं होतंस मला?"

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"नाही."

ग्लेनिस खुर्चीवर बसली. कागद दोनदा वाचले. मग तिला हसू फुटलं. "म्हणजे ती कैदाशीण आपली खापरपणजी. तरीच."

"तरीच काय?"

"आपल्या घरातल्या बायका बघ की. गोड कोण आहे त्यांत?"

मेव्हिस हसली नाही. ग्लेनिसने हात पुसले आणि फ्रिजवरून पाथरवटाने काढून दिलेला नमुना आणला. त्यावर केझायाचं नाव, साल, आणि खाली: वंशजांकडून, मेव्हिस बूलटन, ग्लेनिस, आणि कुटुंब. मेव्हिसचं नाव पहिलं होतं. आडनावासकट.

"तूच शोधलीस ना तिला," ग्लेनिस म्हणाली. "तोंड उघडायच्या आत तू कप विसळायला पळालीस."

मेव्हिसने नमुना दूर सारला. चांगुलपणातसुद्धा बया पुढे. ते तिला कोटांपेक्षा, पियानोपेक्षा जास्त लागलं.

"बस. चहा टाकते. दगडाचं काय, हॅनाच्या नावाने करू. तिलाही नसेलच. पोरांना केझाया काय आणि हॅना काय."

एवढ्यात सुटलं. ग्लेनिसने केझाया सोडली ती लहान झालेला कोट सोडावा तशी. आणि आता ती मेव्हिसकडे आली होती, पुन्हा ग्लेनिसची होऊन.

"मग केझायाला कोण?" ग्लेनिसने विचारलं.

"मी बघेन," मेव्हिस म्हणाली. चहा न घेता मागच्या दाराने गेली.

गटाला तिने स्वतः उभं राहून सांगितलं. छोटंसं. चूक माझी, मुलाचं मरण बघितलं नव्हतं. सिरिल म्हणाला, "मला त्या दिवशीच कळलं होतं. जॉर्जचं आडनाव तू लिहिलंच नव्हतंस."

मग ती चर्चमध्ये गेली. आमच्या पाद्रीणबाई जोन, तरुण आहेत, नियमाला पक्क्या.

"केझायाला दगड बसवायचाय. माझ्या खर्चाने."

"नातेवाईक कोण?"

"मीच धरा."

"मेव्हिस, नातं नाही हे तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत ना? रक्ताचं कुणीतरी हवं. त्यांची सही आणा, मी लगेच परवानगी देते."

"आणि कुणी आलंच तर दगडावर काय लिहायचं ते कोण ठरवणार?"

"ते ठरवतील. त्यांचीच ना ती."

केझायाला एक बहीण होती, टेमर. मेव्हिसला ते माहीत होतं. बहिणीची पोरं, त्यांची पोरं, असं खाली उतरत आलं की कुणीतरी जिवंत सापडणार. हे काम तिच्या हातचं होतं. वाचनालयात एका दुपारी तिने कुणाकुणाची शंभर वर्षं उलगडली होती. सप्टेंबरात तिने टेमरची सुरुवात केली. ऑक्टोबर संपला तरी ती टेमरच्या मुलीशीच होती. तीच फिल्म ती पुन्हा मागायची. सापडलेला माणूस पुन्हा शोधायची.

"काय गोगलगाय झालीय तुझी?" सिरिलने विचारलं.

"घाई कसली? ते काय कुठे पळून चाललेत?"

"मला ठाऊक आहे. सापडले तर ते येतील आणि म्हणतील, आमची केझाया."

"म्हणू देत की."

"मग?"

"मग काही नाही. तुझ्या ढिगातली ती वही दे इकडे, आणि बोलू नकोस."

ग्लेनिसने मदत करते म्हटलं. पडद्यावर एका संध्याकाळचं काम आहे. मेव्हिसने कागद उताणा होता तो पालथा केला. "तुझी हॅना तुला आहे. तिच्याकडे बघ." त्या शरदात हॅनाचा दगड बसला, त्यावर मेव्हिसचं नाव होतं. ती बघायला गेली नाही. भिंतीलगतच्या गवतात मात्र रोज जायची, थंडी पडली तरी.

जानेवारीतल्या एका गुरुवारी ती आली नाही. असं कधी झालं नव्हतं. खुर्ची तशीच ठेवली, कुणीतरी तिचा चहाही ओतला. संध्याकाळी ग्लेनिस तिच्या घरी गेली, मागच्या दाराने. दार उघडंच होतं. रेडिओ चालू होता. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असेल.

टेबलावर टेमरचा कागद होता. टेमरखाली तिची मुलगी, मुलीखाली नात अ‍ॅडा, १९११च्या शिरगणतीत नऊ वर्षांची, बर्सलममध्येच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. अ‍ॅडाच्या पुढे पेन्सिलीने एक रेघ ओढलेली. तिचं लग्न कुणाशी झालं ते शोधायचं होतं. रेघेच्या टोकाला मेव्हिसने काहीच लिहिलेलं नाही.