आप्पांना सिंह दिसला का?

आम्ही दुकानदार मंडळी कुठं एकत्र जमलो की पाऊस, बियाणं, उधारी हे विषय पाच-दहा मिनिटांत उरकतात आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "ते आफ्रिकेचं सांगा की!" खलास. मग चहा गार होतो. टूर कधीच संपली, पण किस्से काही संपायला तयार नाहीत. उलट वाढतच चाललेत. काही किस्से तर मी स्वतः तिथं हजर असूनही मला नंतर लातूरला आल्यावर कळले!

तर झालं असं, की बियाणं आणि औषधांचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून एका कंपनीनं आम्हाला आफ्रिकेच्या जंगलातल्या एका भारी सफारी लॉजवर नेलं. चाकूरचा मी, नायगावचे बापूराव, शिरूर अनंतपाळचे आप्पा आणि त्यांच्यासोबत काकू. आमच्यावर लक्ष ठेवायला पुण्याची एक मॅडम.

आप्पांना फक्त सिंह बघायचा होता. त्यांचे उदगीरचे व्याही गीरला जाऊन सिंह बघून आले होते आणि तेव्हापासून बारसं असो की वास्तुशांती, तो सिंह आप्पांच्या अंगावर सोडत होते. "सिंह बघितल्याबिगर परत येत न्हाई," असं आप्पा सगळ्या गावाला सांगून निघाले होते. आता माघार कशी घेणार?

*

लॉजवर पोचलो तर खोल्या नाहीतच. सगळे तंबू!

बापूराव कमरेवर हात ठेवून उभेच राहिले. "विमानात बसवून आणलं अन् पालात झोपवायलेत व्हय!"

मॅडमनं घाईघाईनं पडदा सारून आत नेलं. आत गालिचा, मोठा पलंग, झुंबर आणि बाहेर उघड्यावर आंघोळीचा टब. टबासमोर झाडावर माकडांची रांग बसलेली.

बापूरावांनी एकदा टबाकडं बघितलं, एकदा माकडांकडं. म्हणाले, "मॅडम, एवढ्या पब्लिकसमोर आम्ही न्हाई बसणार."

दोन दिवस त्यांनी आंघोळच केली नाही. तिसऱ्या दिवशी केली, पण चड्डी-बनियन घालून!

*

पहिल्याच सफारीत आप्पा एकदम ओरडले, "थांब! थांब!"

आमचा ड्रायव्हर जोसेफ. त्यानं करकचून ब्रेक मारला. मॅडमनं कॅमेरा काढला, बापूराव माझ्या मांडीवर चढून बघायला लागले. समोर नुसतं गवत. छातीएवढं, नजर पोचेल तिथवर.

"कुठाय सिंह?" मी कुजबुजलो.

"सिंह कशाचा? तण बघ, तण!" आप्पांचा जीव तळमळत होता. "एवढं रान, अन् एकानं भी फवारलं न्हाई!"

बापूराव म्हणाले, "हितं एक दुकान टाकावं आप्पा. पुढच्या साली कंपनी आपल्याला चंद्रावर न्हेईल."

*

दुसऱ्या दिवशी वाटेत गुरांचा कळप आणि त्याचा गुराखी लागला. आप्पांनी परत गाडी थांबवली. गुराख्याची भाषा आप्पांना येईना, आप्पांची त्याला. तरी दोघांचं छान जमलं. आप्पांनी बैलाच्या वशिंडावर हात फिरवला, दात बघितले, शेपूट बघितलं. गुराख्यानं आप्पांच्या मिशा बघितल्या.

तेवढ्यात वायरलेसवर निरोप आला की जवळच सिंह बसलाय. जोसेफ हॉर्न वाजवतोय, मॅडम हाका मारतेय आणि आप्पा म्हणतायत, "आलो, आलो, एवढं खूर बघू द्या."

आम्ही पोचलो तेव्हा सिंह उठून गेला होता. गवत तेवढं दबलेलं होतं.

काकू म्हणाल्या, "सांगा आता व्याह्यास्नी, बैल बघून आलाव म्हणून!"

*

लॉजचा नियम असा, की अंधार पडला की एकट्यानं फिरायचं नाही. जेवण झालं की भाला घेतलेला रखवालदार एकेकाला तंबूपर्यंत सोडणार.

बापूरावांना त्यानं सोडलं. पण माणूस दारापर्यंत आलाय, त्याला तसंच कसं परत पाठवायचं? बापूरावांनी हाताला धरून आत बसवलं, किटलीत चहा केला. वर लाडू दिला. बिचारा खाऊन उठला तर बापूराव त्याला पोचवायला निघाले. थेट डायनिंग हॉलपर्यंत! आता बापूराव एकटे परत कसे जाणार? म्हणून तो पुन्हा त्यांना सोडायला गेला. तंबूपाशी आल्यावर बापूराव म्हणाले, "आता आलाच हाव तर अर्धा कप घ्या!"

इकडं हॉलमध्ये सात-आठ गोरे पाहुणे ताटकळत बसलेले. शेवटी मॅडमनं बापूरावांना दम भरला.

बापूराव दुखावले. "मॅडम, तुमच्या पुण्यात सोडत असतील माणसाला असंच. आमच्याकडं न्हाई चालत."

*

तिसऱ्या दिवशी मात्र नशीब उघडलं. पंचवीस-तीस फुटांवर झुडपामागं सिंह! जोसेफनं तोंडावर बोट ठेवलं. मला एक कान दिसला. खरंच दिसला. आता तो उठून बाहेर येणार, एवढ्यात आप्पांच्या खिशातला फोन बोंबलला. फुल्ल आवाजात. व्हिडिओ कॉल!

कान गायब.

फोनवर व्याही. "काय आप्पा, दिसला का न्हाई सिंह?"

आप्पांचा चेहरा बघवत नव्हता. "आत्ताच हाकललाव की तुम्ही," एवढंच बोलले आणि फोन ठेवून दिला. खरं सांगतो, तेव्हा आम्हालाही वाईट वाटलं. बापूराव हसले, पण तोंड फिरवून.

*

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मॅडम सांगून गेली, सिंह लॉजच्या आसपास फिरतोय, जपून राहा. लॉजला कुंपण नावालाही नाही. आप्पा म्हणाले, "येऊ दे, बघतोच!" पण काकूंना ते पटेना. आमच्याकडं पिकात रानडुकरं शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेनं जुन्या साड्या बांधतात. काकूंनी बोचकं बांधायला आणलेली साडी सोडली आणि तंबूच्या दारापुढं या झाडापासून त्या झाडापर्यंत ताणून बांधली. दुसरं टोक आप्पांनीच धरलं होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सकाळी जोसेफ वाकून जमीन बघायला लागला. सिंहाची पावलं. चांगली ताटलीएवढी! सरळ दारापर्यंत आलेली, साडीपाशी थांबलेली आणि तिथूनच मागं वळलेली.

आप्पा पावलांवरून साडीकडं आणि साडीवरून काकूंकडं बघायला लागले. आम्हाला वाटलं, आता काकूंची धडगत नाही. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "व्याह्यांनी जीपमधून बघितला. माझ्या तर दारात येऊन गेला!" त्यांनी पटापट फोटो काढले. पावलं, वर साडी, मागं तंबू. लगेच उदगीरला धाडले.

दोन मिनिटांत फोन आला. आप्पांनी ऐटीत स्पीकर लावला, आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. आवाज विहीणबाईंचा होता.

"सिंहाचं राहू द्या हो आप्पा. ती बांधलेली साडी आम्ही दिवाळीला दिलेली न्हवं?"

आप्पांनी फोन हळूच काकूंकडं सरकवला.

काकू साडीची गाठ सोडत होत्या. मानसुद्धा वर न करता, फोनमध्ये नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"हाव, तीच! सिंहानं बघितली अन् मागं फिरला!"